सख्य आणि वेतन

सुदामा द्वारकेस गेला तो बायकोच्या आग्रहावरून, आणि मागावयाचें तें न मागतांच परत फिरला, ही कथा आपल्याकडील लहान मुलांसहि ठाऊक असते. मित्रापाशीं द्रव्याची गोष्ट काढूं नये हा संस्कार अशा कथांनीं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मनावर बिंबविला आहे. व्यवहार आला कीं स्नेह गेला, असें आपण सहज म्हणतों. त्यांतून तो मित्र रोगी असेल, अंथरुणास खिळलेला असेल, तर त्याच्या उशाशीं बसल्याबद्दल पैसे घेणें कोणाहि सभ्य गृहस्थास लज्जास्पद वाटेल. शेजारधर्म, स्नेहधर्म, मनुष्यधर्म हे शब्द अशा वेळीं आपल्या ओठांवर येतात. ‘वेतन’ हा शब्द मात्र त्यांच्या पंक्तीस बसवून घेण्यास आपण तयार नसतों.

असें असूनहि गेल्या साठ वर्षांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नेमकी हीच गोष्ट कायद्यानें मान्य होत आली आहे. आजारी, वृद्ध वा अपंग मनुष्यानें आपल्या मित्रास अथवा शेजाऱ्यास परिचारक म्हणून नेमावें आणि त्याचें वेतन सरकारी तिजोरींतून दिलें जावें, अशा योजना तेथील अनेक राज्यांत आहेत. हा स्नेहाचा बाजार होय कीं स्नेहाचें संरक्षण होय, याचा निर्णय नुसत्या भावनेवर सोपविण्यापूर्वीं ही व्यवस्था कशी जन्मास आली तें पाहणें अगत्याचें आहे. त्या इतिहासांतील ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, मित्रास वेतन द्या ही मागणी सेवा करणारानें प्रथम केली नाहीं. ती सेवा घेणारानें केली.

आरंभींच एक गैरसमज दूर केला पाहिजे. शेजाऱ्याच्या शुश्रूषेबद्दल पैसे देणें ही आधुनिक काळाचीच विकृति आहे असें नाहीं. इंग्लंडांत इ. स. १६०१ मध्यें दरिद्री लोकांच्या पोषणाचा प्रसिद्ध कायदा झाला आणि प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दींतील वस्तीवर, आपापल्या निराधारांचा भार पडला. त्यासाठीं गोळा केलेल्या कराच्या जमाखर्चाच्या ज्या वह्या आज उपलब्ध आहेत, त्यांत अमक्या म्हातारीच्या दुखण्यांत तिच्याजवळ राहिल्याबद्दल, तमक्याचे कपडे धुतल्याबद्दल, शेजारच्या बाईस कांहीं पैसे दिल्याच्या नोंदी ठिकठिकाणीं आढळतात. पैसे घेणारी बाई बहुधा स्वतःच गरीब असे. तिला काम मिळे, रोग्यास ओळखीचा हात मिळे, आणि रोगी आपल्याच घरीं राही. या व्यवहारांत शेजारधर्म बुडाला असें त्या गांवकऱ्यांस वाटल्याचें दिसत नाहीं.

ही घडी मोडली ती पुढें. १८३४ च्या नव्या कायद्यानें, घरबसल्या मिळणारी मदत शक्य तितकी तोडून गरजूंस कामघरांत आणावें, असें धोरण आंखलें. तें सर्वत्र सारखें अंमलांत आलें नाहीं. तथापि त्यामागील विचार मात्र रुजला. ज्याला दुसऱ्याच्या हाताची गरज आहे त्यानें आपलें घर सोडून संस्थेंत जावें, हा तो विचार होय. अमेरिकेंत १९६५ सालीं गरिबांच्या औषधोपचारासाठीं ‘मेडिकेड’ नांवाची योजना निघाली, तेव्हांहि त्याच विचाराची छाया तिजवर पडली. शुश्रूषागृहांतील वास्तव्याचा खर्च देणें राज्यांवर बंधनकारक झालें. घरीं राहूं इच्छिणाऱ्याच्या मदतनीसाचा खर्च मात्र पुढेंहि राज्यांच्या मर्जीवरच राहिला. मनुष्य आपल्या घरीं आपल्या मित्राच्या मदतीनें राहील तर त्याला सरकारकडून कांहीं मिळण्याची शाश्वति नाहीं. तोच मनुष्य परक्यांच्या हातीं दिला कीं त्याचा खर्च उचलण्यास सरकार बांधलेलें, असा हा विपरीत न्याय होता.

या न्यायाविरुद्ध जें बंड झालें त्याचा उगम एका विद्यार्थ्याच्या खोलींत आहे. एड रॉबर्ट्स याचा जन्म १९३९ चा. चौदाव्या वर्षीं, १९५३ सालीं, त्यास पोलिओ झाला. लस निघण्यापूर्वींचा तो काळ. मानेखालील जवळजवळ सारें शरीर लुळें पडलें. श्वासोच्छ्वासहि स्वतःच्या बळावर फार वेळ चालेना. म्हणून ‘लोखंडी फुप्फुस’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या यंत्राच्या नळकांड्यांत त्यास रात्रीं निजावें लागे. त्या यंत्राचें वजन आठशें पौंड होतें. १९६२ सालीं रॉबर्ट्सनें बर्कली येथें कॅलिफोर्निया विद्यापीठांत प्रवेश मिळविला, तेव्हां हें यंत्र ठेवतां येईल अशी खोली वसतिगृहांत नव्हती. शेवटीं विद्यापीठाच्या रुग्णालयांत त्याची राहण्याची सोय करण्यांत आली. राज्याच्या पुनर्वसन खात्यानें तर, हा मनुष्य कधींहि कमावता होणार नाहीं असें ठरवून, त्यास प्रारंभीं साहाय्यच नाकारलें होतें.

आतां प्रश्न असा कीं, सकाळीं त्याला यंत्राबाहेर काढणार कोण, कपडे चढविणार कोण, घास भरविणार कोण, व्याख्यानास नेणार कोण? घरीं हें सारें त्याच्या आईनें, झोना रॉबर्ट्स हिनें, केलें होतें. बर्कलीस आरंभीं भाऊ हाताशीं होता. परंतु आईनें जन्मभर मुलाच्या मागें फिरावें आणि भावानें आपलें शिक्षण बाजूस ठेवावें, ही व्यवस्था कोणालाच मानवणारी नव्हती. कॅलिफोर्निया राज्यांत अपंगांच्या साहाय्याची एक योजना होती व तींतून परिचारकाच्या वेतनासाठीं पैसे मिळूं शकत. त्या पैशांवर रॉबर्ट्सनें आपले परिचारक स्वतः नेमले, आणि ते बहुतांशीं त्याच्याच वयाचे विद्यार्थी व तरुण होते. पुढील वर्षीं जॉन हेस्लर नांवाचा दुसरा अपंग विद्यार्थी तेथें आला. दशक संपेपर्यंत अशा विद्यार्थ्यांची संख्या बाराच्या घरांत गेली. चाकांच्या खुर्च्यांवरून फिरणाऱ्या या मंडळीनें विनोदानें आपणांस ‘रोलिंग क्वॉड्स’ असें नांव घेतलें.

रुग्णालयाच्या त्या मजल्यावर या तरुणांस जें उमगलें तें दिसावयास साधें, पण परिणामानें फार मोठें होतें. फुकट मदत करणारास आज्ञा करतां येत नाहीं. उपकार करणारास पहाटे पांचला उठवितां येत नाहीं. त्यानें घातलेला सदरा आवडला नाहीं तर दुसरा घाल असें सांगतां येत नाहीं. त्याला उशीर झाला तर रागावतां येत नाहीं. त्याच्या सवडीनें जेवावें, त्याच्या सवडीनें निजावें, आणि वर कृतज्ञ मुद्रा धारण करावी, हा पराधीनाचा दिनक्रम होय. वेतन हातीं येतांच हा दिनक्रम पालटला. सदरा कोणता घालावयाचा, सभेस केव्हां जावयाचें, रात्रीं किती वाजेपर्यंत जागावयाचें, हें आतां खुर्चींत बसलेला मनुष्य ठरवूं लागला. काम संपलें कीं तोच परिचारक मित्र म्हणून समोर बसे, आणि त्या गप्पांवर ऋणाचें ओझें नसे.

येथें आपल्या भाषेंतील एका शब्दाची आठवण होते. ‘शुश्रूषा’ हा शब्द आपण आजाऱ्याची सेवा या अर्थीं वापरतों. परंतु तो ‘ऐकणें’ या अर्थाच्या ‘श्रु’ धातूपासून झाला असून त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. सेवेचें सार हात चालविण्यांत नसून ज्याची सेवा करावयाची त्याचें ऐकण्यांत आहे, हें या शब्दानें नकळत जपून ठेविलें आहे. बर्कलीच्या त्या तरुणांची मागणी याहून निराळी नव्हती. आमच्यावर दया करूं नका, आमचें ऐका, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. आणि ऐकलें जावें म्हणून वेतन देण्याचा अधिकार आपल्या हातीं असावा, असा त्यांचा आग्रह होता.

१९७० सालीं विद्यापीठांत अपंग विद्यार्थ्यांसाठीं स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. १९७२ सालीं बर्कली शहरांत ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’, म्हणजे स्वतंत्र जीवनाचें केंद्र, स्थापन झालें. काम करूं इच्छिणाऱ्या परिचारकांच्या याद्या ठेवणें, चाकांच्या खुर्च्या दुरुस्त करणें, राहण्याजोगीं घरें शोधणें हीं त्याचीं नित्याचीं कामें होतीं, आणि तें चालविणारेहि मुख्यतः अपंगच होते. १९७३ सालीं राज्यानें घरगुती साहाय्याची योजना नव्यानें उभारली. तींत मदत घेणारानेंच मदतनीस निवडावा, शिकवावा आणि जरूर पडल्यास काढून टाकावा, असें तत्त्व होतें. निवडलेला मदतनीस नातलग असो, मित्र असो वा अनोळखी असो. १९७५ सालीं रॉबर्ट्स राज्याच्या पुनर्वसन खात्याचा प्रमुख झाला. ज्या खात्यानें त्यास निरुपयोगी ठरविलें होतें तेंच हें खातें!

या चळवळींत स्नेह आणि परिचर्या किती एकजीव झालीं होतीं, याचें एक उदाहरण १९७७ सालचें आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांनीं अपंगांस वगळूं नये असें कलम १९७३ च्या कायद्यांत होतें. पण त्याचे नियमच प्रसिद्ध होत नव्हते. म्हणून १९७७ च्या एप्रिल महिन्याच्या ५ तारखेस शंभराहून अधिक लोक सॅन फ्रॅन्सिस्को येथील केंद्र सरकारच्या कचेरींत शिरले आणि नियमांवर सही होईपर्यंत उठले नाहींत. ती सही २८ एप्रिल रोजीं झाली. या लोकांत ब्रॅड लोमॅक्स हा ‘ब्लॅक पँथर’ पक्षाचा तरुण होता. स्नायूंची शक्ति हरण करणाऱ्या मज्जारोगामुळें तो चाकांच्या खुर्चीवर असे. त्याचा परिचारक चक जॅक्सन हाहि त्याच पक्षाचा. जॅक्सननें त्या दिवसांत लोमॅक्सची तर सेवा केलीच, पण आपले परिचारक बरोबर नसलेल्या इतर सत्याग्रहींचीहि केली. वॉशिंग्टनास गाऱ्हाणें नेणाऱ्या शिष्टमंडळांत हे दोघेहि होते. यांतील कोणता तास मैत्रीचा आणि कोणता परिचर्येचा, हें कोण सांगूं शकेल?

येथवर ही गोष्ट सेवा घेणाराच्या बाजूनें सांगितली. तिची दुसरी बाजू सांगितल्यावांचून इतिहास पुरा होणार नाहीं. अमेरिकेंत किमान वेतनाचा आणि जादा तासांच्या मोबदल्याचा कायदा १९३८ सालीं झाला, तेव्हां घरकाम करणारे लोक त्यांतून वगळले गेले होते. १९७४ च्या दुरुस्तीनें ते आंत घेतले गेले, पण एक दार उघडें राहिलें: वृद्धास अथवा दुबळ्यास केवळ ‘सोबत’ करणाऱ्या मनुष्यास हा कायदा लागू नाहीं असें त्यांत म्हटलें होतें. म्हाताऱ्या शेजारणीपाशीं दुपारीं घटकाभर बसणारी बाई हें या अपवादाच्या डोळ्यांपुढील चित्र होतें. प्रत्यक्षांत १९७५ च्या नियमांनीं तो अपवाद संस्थांनीं नोकरीस ठेवलेल्या परिचारिकांसहि लागू केला. रोग्यास उचलणें, न्हाऊं घालणें, त्याचा मळ काढणें, रात्रभर जागणें, हें सारें ‘सोबत’ या गोड नांवाखालीं गेलें आणि हजारों कष्टकरी स्त्रिया न्याय्य मोबदल्यास मुकल्या.

त्यांतील एक इव्हलिन कोक. जमैकाहून आलेली ही बाई न्यूयॉर्क येथें घरोघर जाऊन आजाऱ्यांची सेवा करी. चोवीस तासांची पाळीहि तिच्या वांट्यास येई. जादा तासांचा मोबदला मिळावा म्हणून तिनें केलेली फिर्याद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि २००७ सालीं नऊहि न्यायाधीशांनीं एकमतानें निकाल तिच्या विरुद्ध दिला. २००९ सालीं ती वारली. २०१३ सालीं सरकारच्या श्रमखात्यानें नियम बदलले व संस्थांच्या परिचारिकांस वेतनकायद्याचें संरक्षण दिलें. न्यायालयांतील झगड्यानंतर २०१५ सालीं ते अंमलांत आले. २०२५ सालीं त्याच खात्यानें ते मागें घेण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे सोबत हें काम आहे कीं नाहीं, या प्रश्नावर तेथेंहि अजून शेवटचा पडदा पडलेला नाहीं.

इव्हलिन कोकच्या कहाणीवरून एक कटु सत्य निष्पन्न होतें. सेवेस पैशाचा स्पर्श होऊं नये असें जेव्हां समाज म्हणतो, तेव्हां तो नेहमींच सेवेचा गौरव करीत असतो असें नाहीं. पुष्कळदां तो केवळ तिचें बिल चुकवीत असतो. आणि जें बिल समाज चुकवितो तें कोणीतरी भरतेंच: कधीं घरची सून, कधीं अविवाहित राहिलेली मुलगी, कधीं परदेशांतून पोट भरण्यास आलेली बाई.

मग मित्राचें काय? कायद्याच्या दृष्टीनें त्याची जागा मोठी चमत्कारिक आहे. मेडिकेडच्या सर्वसाधारण नियमांप्रमाणें नवऱ्याची सेवा करणाऱ्या बायकोस किंवा अल्पवयी मुलाची सेवा करणाऱ्या आईबापांस वेतन मिळत नसे. तें त्यांचें कर्तव्यच आहे असें गृहीत धरलें जाई. मित्राचें कायदेशीर कर्तव्य असें कांहींच नसतें. तो केव्हांहि उठून जाऊं शकतो. आणि म्हणूनच त्याला वेतन देणें कायद्यास सोपें गेलें. ज्याच्यावर कोणतेंहि बंधन नाहीं त्यानें राहण्याचें ठरविलें, तर त्या राहण्याचें मोल करतां येतें, हा यांतील तर्क होय.

या तर्काची कसोशीनें परीक्षाहि झाली आहे. १९९८ सालच्या अखेरीस अर्कान्सा राज्यांत, आणि पाठोपाठ न्यू जर्सी व फ्लॉरिडा येथें, ‘कॅश अँड काउन्सेलिंग’ या नांवाचा प्रयोग झाला. मदतीस पात्र असलेल्या आणि प्रयोगांत येण्यास राजी असलेल्या लोकांची चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें दोन गटांत विभागणी केली. एका गटास नेहमींप्रमाणें संस्थेनें धाडलेला परिचारक. दुसऱ्या गटास ठराविक रक्कम आणि ती कशी खर्चावी याचा सल्ला. दुसऱ्या गटांतील बहुतेकांनीं आपले आप्त, स्नेही वा शेजारी नेमले. पैशाची अफरातफर होईल, अननुभवी हातांनीं रोग्यांस अपाय होईल, अशी भीति पुष्कळांस होती. परंतु निष्कर्ष निघाले ते असे कीं, या गटांतील लोक आपल्या जीवनाविषयीं अधिक समाधानी होते, त्यांच्या अडलेल्या गरजा कमी होत्या, त्यांच्या प्रकृतीस अधिक अपाय झाला नाहीं, आणि अफरातफरीचे प्रकार फारच विरळा आढळले. पुढें आणखी अनेक राज्यांनीं हा मार्ग धरला. जर्मनीनें १९९५ पासून परिचर्या-विम्यांतून घरींच राहणाऱ्या गरजूस रोख रक्कम देण्याची सोय केली, आणि इंग्लंडांत १९९६ सालीं अपंगांच्या हातीं थेट पैसे देण्याचा कायदा झाला.

याचा अर्थ सारें सुरळीत झालें असा नव्हे. सरकारनें मोजलेले तास संपले म्हणून मित्र उठून जात नाहीं. वेतन चार तासांचें आणि काम आठ तासांचें, असें घडतेंच. मित्रास कामावरून काढावयाचें झालें तर नोकरी जाते आणि स्नेहहि जातो. मोबदलाहि बहुतेक ठिकाणीं तुटपुंजाच. तो थोडा तरी वाढावा म्हणून लॉस एंजेलिसच्या चौऱ्याहत्तर हजार घरगुती परिचारकांस संघटना करावी लागली; १९९९ सालीं त्यांनीं मतदान करून ती केली, तेव्हां तेथील कामगार-चळवळींतील कित्येक दशकांमधील तो सर्वांत मोठा विजय मानला गेला. एकमेकांची तोंडेंहि न पाहिलेले, निरनिराळ्या घरांत एकेकटे राबणारे हे लोक होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या विजयाचें मोल कळतें.

आपल्याकडे निरपेक्ष सेवेचीं उदाहरणें थोडीं नाहींत. महारोगानें पीडित झालेले परचुरेशास्त्री सेवाग्रामास आले, तेव्हां गांधीजींनीं स्वहस्तें त्यांच्या अंगास मालिश केलें. अशा सेवेस वेतनाची भाषा लावणें हा अपराधच होईल. परंतु महात्म्यांच्या आचरणावर घरोघरची व्यवस्था उभी राहत नाहीं. ज्या मित्रास भाडें द्यावयाचें आहे, मुलांची शाळा पाहावयाची आहे, त्यानें रोजगार सोडून आपल्या पंगु मित्राजवळ बसावें अशी अपेक्षा करणें म्हणजे दोघांसहि संकटांत लोटणें होय. आपल्या देशाच्या १९१६ नंतरच्या शंभर वर्षांत घरें बदललीं, कुटुंबें लहान झालीं, मुलें दूरदेशीं गेलीं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें ‘काळजी वाहणारा’ या शब्दाची व्याख्या करतांना आईबाप व घरचीं माणसें यांसह कोणीहि, मोबदला घेऊन वा न घेतां, मदत करणारा मनुष्य तींत घेतला. आणि ज्यांस अधिक मदतीची गरज आहे अशांना परिचारक-भत्ता देण्याची तरतूद केली. व्याख्येंत मित्रास जागा मिळाली. ती जागा व्यवहारांत कितपत मिळते, हें प्रत्येक राज्याच्या तिजोरीवर आणि वृत्तीवर अवलंबून आहे.

नवविधा भक्तींत दास्य सातवें आणि सख्य आठवें. दोन्ही अगदीं शेजारीं, तरी दोहोंत एका पायरीचें अंतर. मित्रानें पैसे घेतले कीं तो सख्यावरून दास्यावर उतरतो, अशी आपली भीति आहे. परंतु वरील इतिहास पाहतां दास्य वेतनानें उत्पन्न होतें असें दिसत नाहीं. न फिटणाऱ्या उपकारांनीं रोगी दास होतो. न मिळणाऱ्या मोबदल्यानें परिचारक दास होतो. वेतन न्याय्य असेल, आणि तें कोणास द्यावयाचें हें ज्याला गरज आहे तोच ठरवीत असेल, तर तें दोघांचेंहि दास्य कमी करतें. तें सख्य निर्माण करूं शकत नाहीं, हें खरेंच; तें कोणत्याहि सरकारास साधणारें नाहीं. पण असलेलें सख्य दारिद्र्यानें व ऋणानें मरूं नये इतकें तें करूं शकतें. रॉबर्ट्स १९९५ सालीं वारला. त्याची चाकांची खुर्ची आज अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयांत ठेविलेली आहे. ती पाहणारानें हें विसरूं नये कीं, त्या खुर्चीवर रोज सकाळीं त्याला कोणीतरी बसवीत असे, आणि त्या कामाचे पैसे त्याला मिळत असत.